आज्ञा, आतिथ्य आणि भाषा : जपानमधील परदेशी रहिवाशाच्या अनुभवाचे साहित्यरूप

प्रस्तावना

जपानविषयी परदेशी व्यक्तींनी केलेले लेखन विपुल असले तरी त्यातील मोठा भाग प्रवाशांचा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ (१९६३) मधून मराठी वाचकाला जपानचा जो परिचय झाला तोही प्रवाशाच्याच नजरेतून. प्रवासी हा पाहुणा असतो. त्याची परतीची तारीख ठरलेली असते आणि यजमान समाजाची त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते. जो परदेशी माणूस त्या समाजात घर करून राहतो, तेथे नोकरी करतो, वेतन घेतो आणि वरिष्ठांच्या आज्ञा पाळतो, त्याचा अनुभव मात्र मूलतः वेगळा असतो. त्याला समाजाचा दिवाणखाना जसा दिसतो तशी माजघराची रीतही कळू लागते. आणि ती कळू लागली म्हणजे तो यजमानाला काहीसा अडचणीचा वाटू लागतो.

अशा रहिवासी परदेशी माणसाचे चित्रण करणाऱ्या साहित्याचा विचार बहुधा ‘सांस्कृतिक संघर्ष’ या संकल्पनेच्या आधारे केला जातो. पूर्व आणि पश्चिम, समूह आणि व्यक्ती, शिस्त आणि स्वातंत्र्य अशी द्वंद्वे मांडली जातात आणि साहित्यकृती ही त्या द्वंद्वांची उदाहरणे ठरतात. प्रस्तुत लेखात या वाचनाची मर्यादा दाखवून वेगळी मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे. लाफकॅडिओ हर्न यांचे जीवन व लेखन, अमेली नोतोंब यांची ‘स्त्युपर ए त्राँब्लमाँ’ (१९९९) ही फ्रेंच कादंबरी आणि लेव्ही हिदेओ यांची ‘सेइजोकी नो किकोएनाइ हेया’ (१९९२) ही जपानी कादंबरी या तीन उदाहरणांच्या आधारे असे दिसते की, येथे कळीचा प्रश्न संस्कृतिभेदाचा नसून भाषेवरील अधिकाराचा आहे. परदेशी माणसाचे काम समाजाला हवे असते. त्याचे समजणे मात्र नेहमीच हवे असते असे नाही.

‘उचि’ आणि ‘सोतो’

जपानी समाजजीवनाच्या चर्चेत ‘उचि’ आणि ‘सोतो’ हे दोन शब्द वारंवार येतात. ‘उचि’ म्हणजे आत, आपले घर, आपला गट. ‘सोतो’ म्हणजे बाहेर. हा भेद केवळ मनोवृत्तीचा नाही, तो भाषेच्या रचनेतच मुरलेला आहे. कंपनीतला कर्मचारी आपल्या वरिष्ठाशी बोलताना त्याच्यासाठी आदरार्थी रूपे वापरतो. परंतु त्याच वरिष्ठाविषयी बाहेरच्या माणसाशी बोलताना तो नम्रतादर्शक रूपे वापरतो, कारण तेथे वरिष्ठही ‘आपला’ असतो. कोण आत आणि कोण बाहेर हे ठरविल्याशिवाय क्रियापदाचे रूप निवडता येत नाही. परदेशी माणसासाठी रूढ असलेल्या ‘गाइजिन’ या शब्दाचा अर्थही शब्दशः ‘बाहेरचा माणूस’ असाच आहे. ‘गाइकोकुजिन’ हे त्याचे अधिक सभ्य रूप मानले जाते.

मराठी भाषकाला ही कल्पना सर्वस्वी अनोळखी नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही जेवायला जाणार’ या वाक्यात ऐकणारा वगळला जातो, तर ‘आपण जेवायला जाणार’ या वाक्यात तो सामावला जातो. पंगतीचे निमंत्रण या एका शब्दावर अवलंबून असते. परदेशी रहिवासी जपानी समाजाच्या ‘आपण’मध्ये केव्हा येतो आणि कोणत्या अटींवर येतो, हा या तिन्ही उदाहरणांतून विचारला गेलेला समान प्रश्न होय.

लाफकॅडिओ हर्न : नागरिकत्व आणि वेतन

मेइजी काळात आधुनिक ज्ञान व तंत्र आत्मसात करण्यासाठी जपानी शासनाने अनेक परदेशी तज्ज्ञांना नोकरीवर घेतले. त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’, म्हणजे भाड्याने घेतलेले परदेशी, असे म्हटले जाई. त्यांना मोठे वेतन दिले जाई आणि जपानी माणसे तयार झाली की त्यांच्या जागा जपानी माणसांकडे सोपविल्या जात. राष्ट्रउभारणीच्या दृष्टीने हे धोरण सर्वथा समर्थनीय होते. परंतु त्यात परदेशी माणसाचे स्थान प्रारंभापासूनच तात्पुरते ठरलेले होते.

हर्न यांचा जन्म १८५० मध्ये ग्रीसमधील लेफ्काडा बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश. बालपण डब्लिनमध्ये, पत्रकारिता अमेरिकेत. एप्रिल १८९० मध्ये ते जपानला आले आणि त्याच वर्षी मात्सुए या गावी इंग्रजीचे शिक्षक झाले. तेथे सामुराई घराण्यातील कोइझुमी सेत्सु यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे कुमामोतो, कोबे आणि १८९६ पासून टोकियो साम्राज्य विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. १८९६ मध्येच त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले व कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. पत्नी व मुलांचे कायदेशीर हक्क सुरक्षित राहावेत, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

हर्न यांचे चरित्रकार आणि चाहते या नागरिकत्वाकडे प्रेमकथेची परिणती म्हणून पाहतात. मात्र त्याची व्यावहारिक बाजू अधिक बोलकी आहे. परदेशी अध्यापकाला मिळणारे वेतन जपानी अध्यापकाच्या वेतनाहून कितीतरी अधिक असे. जो माणूस कागदोपत्री जपानी झाला त्याला परदेशी दराने वेतन का द्यावे, हा प्रश्न नागरिकत्वाबरोबरच उभा राहिला. विद्यापीठाने त्यांना काही वर्षे जुन्याच दराने वेतन दिले, परंतु १९०३ मध्ये त्यांची सेवा संपुष्टात आणली. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, पण निर्णय बदलला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी एक होते लंडनहून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी, जे पुढे आधुनिक जपानी कादंबरीचे अग्रणी ठरले. पुढील वर्षी, सप्टेंबर १९०४ मध्ये, हर्न यांचे निधन झाले. ‘बाहेरचा’ म्हणून त्यांना मान आणि मोठे वेतन होते. ‘आतला’ झाल्यावर ते वेतन टिकण्याचे कारण उरले नाही, आणि आतला म्हणून मिळणारी सुरक्षितताही त्यांच्या वाट्याला आली नाही.

हर्न यांच्या भाषेचा प्रश्नही येथेच विचारात घ्यावा लागतो. जपानी लोककथांचा जगाला परिचय करून देणाऱ्या या लेखकाला जपानी ग्रंथ स्वतंत्रपणे वाचता येत नव्हते. पती-पत्नींमध्ये एक खास बोली तयार झाली होती. तीत विभक्तिदर्शक प्रत्यय गाळलेले, क्रियापदे मूळ रूपात ठेवलेली असत. कुटुंबात ती ‘हर्नची भाषा’ म्हणून ओळखली जाई. सेत्सु जुन्या पुस्तकांतून कथा शोधत, वाचत आणि या बोलीत त्यांना सांगत. पुस्तक समोर धरून वाचलेले हर्न यांना चालत नसे. कथा पत्नीने स्वतःच्या शब्दांत सांगावी असा त्यांचा आग्रह असे, हे सेत्सु यांच्याच आठवणींतून कळते. ‘क्वाइदान’ (१९०४) मधील कथांची ही निर्मितिप्रक्रिया लक्षात घेतली तर या ग्रंथाचे कर्तृत्व एकट्या हर्न यांचे मानणे कठीण जाते. मुखपृष्ठावर मात्र नाव एकाचेच आहे. २०२५ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने सेत्सु यांच्या जीवनावर आधारित ‘बाकेबाके’ ही मालिका सुरू केली, तेव्हा हे दुर्लक्षित श्रेय काही अंशी सार्वजनिक चर्चेत आले.

हर्न यांना जपानने जे प्रेम दिले त्याला त्यांचे भाषिक अपुरेपण कधीच आड आले नाही. किंबहुना ते त्या प्रेमाला पोषकच ठरले असावे. जुना जपान जपणारा, आधुनिक जपानच्या कारभारात ढवळाढवळ न करणारा, घरगुती बोलीपुरताच आत आलेला असा हा परदेशी होता. त्यांच्या समजण्याने कोणाची अडचण होत नव्हती.

अमेली नोतोंब : न समजण्याची आज्ञा

हर्न यांच्या नेमकी उलट परिस्थिती नोतोंब यांच्या कादंबरीत आढळते. जपानी सम्राटासमोर प्रजाजनाने भयचकित होऊन थरथरत उभे राहावे, या जुन्या संकेतावरून तिचे शीर्षक घेतलेले आहे. १९९९ मध्ये तिला फ्रेंच अकादमीचा कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला आणि २००३ मध्ये आलँ कोर्नो यांनी तिच्यावर चित्रपट केला. लेखिकेचेच नाव धारण करणारी बेल्जियन नायिका बालपणीची काही वर्षे जपानमध्ये राहिलेली आहे. उत्तम जपानी येते म्हणूनच १९९० च्या जानेवारीत तिला युमिमोतो नावाच्या बलाढ्य व्यापारी कंपनीत एक वर्षाच्या करारावर नोकरी मिळते.

कादंबरीचा मध्यबिंदू प्रारंभीच्याच एका प्रसंगात आहे. मित्रकंपनीच्या प्रतिनिधींना कॉफी देण्याचे काम अमेलीकडे येते. ती प्रत्येक प्याला देताना अत्यंत शुद्ध व विनयशील जपानीत योग्य ती वाक्ये उच्चारते. परिणामी बैठकीचे वातावरणच बिघडते. आपली भाषा समजणारी गोरी स्त्री समोर असताना पाहुण्यांना मोकळेपणाने बोलवेना. त्यानंतर तिचे वरिष्ठ साइतो तिला आज्ञा देतात की, यापुढे तिला जपानी समजत नाही. अशी आज्ञा पाळणे कोणालाही शक्य नाही, हे तिचे म्हणणे ऐकून घेतले जात नाही. आज्ञा आहे म्हणजे ती पाळण्याचा मार्ग असलाच पाहिजे, एवढेच तिला सांगितले जाते.

या प्रसंगाकडे विनोद म्हणून पाहिले जाते आणि तो विनोदी आहेही. परंतु त्यात नोकरीतील सत्तेचे एक सूत्र उघड होते. ज्या गुणासाठी माणसाला कामावर घेतले तोच गुण वापरण्यास त्याला मनाई केली जाते. कौशल्य कंपनीच्या मालकीचे. ते केव्हा दाखवायचे आणि केव्हा झाकायचे याचा निर्णयही कंपनीचाच. यानंतर अमेलीची उतरण सुरू होते. दिनदर्शिकांची पाने बदलणे, छायाप्रती काढणे आणि हिशेबातील आकडे जुळवणे अशी कामे तिच्याकडे येतात, आणि कराराचे शेवटचे सात महिने चव्वेचाळिसाव्या मजल्यावरील स्वच्छतागृहांची देखभाल करण्यात जातात. मधल्या काळात तेन्शी नावाचा एक अधिकारी तिच्या भाषाज्ञानाचा खरा उपयोग करून घेतो. त्याच्यासाठी ती बेल्जियन लोण्याविषयी उत्कृष्ट अहवाल तयार करते. पण तिची प्रत्यक्ष वरिष्ठ फुबुकी मोरी ही गोष्ट वर कळविते आणि दोघांनाही अपमान सहन करावा लागतो.

कादंबरीची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. निवेदिका वारंवार ‘जपानी माणूस’, ‘जपानी स्त्री’ अशा सर्वसाधारण संज्ञांच्या आश्रयाने बोलते. एका कंपनीतील एका मजल्याच्या अनुभवावरून संपूर्ण राष्ट्राचा स्वभाव सांगण्याचा मोह तिला आवरत नाही. फुबुकीच्या बाबतीत मात्र कादंबरी या सर्वसाधारण विधानांच्या पुढे जाते. एकोणतीस वर्षांची, अविवाहित, पुरुषांनी भरलेल्या व्यवस्थेत अनेक वर्षांच्या परिश्रमाने अधिकारपदावर पोहोचलेली ही स्त्री आहे. रोजगारातील समान संधीविषयीचा कायदा जपानमध्ये १९८६ मध्ये अमलात आला. म्हणजे कथेच्या काळात त्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. जी पायरी चढायला आपल्याला वर्षे लागली ती हंगामी परदेशी मुलगी एका अहवालाने चढू पाहते, याचा तिला आलेला राग केवळ मत्सर म्हणून बाजूला सारता येत नाही. त्या कार्यालयात फुबुकीही एका अर्थाने ‘बाहेरची’च आहे. छळणारी आणि छळली जाणारी या दोघींनाही आत येण्याचा हक्क कष्टानेच मिळवावा लागतो, हे कादंबरीचे खरे बळ आहे. ‘सांस्कृतिक संघर्ष’ या चौकटीतून वाचणाऱ्या समीक्षेला नेमके हेच दिसत नाही, कारण त्या चौकटीत फुबुकी केवळ ‘जपान’ची प्रतिनिधी उरते.

शेवटी नायिका लेखिका होते. तिचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर फुबुकीचे अभिनंदनाचे छोटेसे पत्र येते आणि ते जपानीत लिहिलेले असते. ज्या भाषेवर बंदी होती ती कोणतेही स्पष्टीकरण न देता परत केली जाते. हे पत्र कंपनीच्या बाहेरून आणि करार संपल्यानंतर आलेले आहे, ही बाब महत्त्वाची आहे. नोकरीच्या नात्यात जे नाकारले गेले ते नोकरी संपल्यावर मिळते.

लेव्ही हिदेओ : भाषेत राहायला जाणे

लेव्ही हिदेओ यांचा जन्म १९५० मध्ये कॅलिफोर्नियात झाला. ‘हिदेओ’ हे नाव जपानी रक्तसंबंधातून आलेले नाही. वडिलांनी आपल्या एका मित्राच्या नावावरून ते ठेवले. प्राचीन जपानी काव्यसंग्रह ‘मान्योशू’ याच्या इंग्रजी अनुवादासाठी त्यांना १९८२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथे अध्यापन केल्यानंतर त्यांनी टोकियोत राहून जपानीतच लिहिण्याचा मार्ग स्वीकारला. त्यांच्या पहिल्या कादंबरीला १९९२ मध्ये नोमा नवलेखक पुरस्कार मिळाला.

या कादंबरीचा नायक बेन हा योकोहामा येथील अमेरिकन वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याचा सतरा वर्षांचा मुलगा आहे. काळ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धाचा, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांचा. दूतावासाच्या फाटकाबाहेर अमेरिकनांनी परत जावे अशा घोषणा चालू असताना हा मुलगा घर सोडून टोकियोतील शिन्जुकू भागात जातो आणि पुढे एका कॉफीगृहात वेटरचे काम करतो. वडिलांचे त्याला सांगणे असते की, सम्राटाच्या राजवाड्यासमोर जाऊन अस्खलित जपानीत जयघोष करून पोट चिरून घेतलेस तरी ती माणसे तुला आपल्यातला मानणार नाहीत. नोतोंब यांच्या कादंबरीत न समजण्याची आज्ञा कंपनी देते. येथे समजण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे असे स्वतःचा पिता सांगतो. भाषेची सीमा दोन्ही बाजूंनी राखली जाते, ही लेव्ही यांची महत्त्वाची जाणीव आहे. इंग्रजी बोलणाऱ्याने इंग्रजीतच राहावे अशी अपेक्षा सत्ताधारी अमेरिकेचीही असते. इंग्रजी संभाषणाच्या सरावासाठी परदेशी मित्र शोधणारे जपानी विद्यार्थीही बेनला इंग्रजीतच अडकवून ठेवतात. त्याच्याशी केवळ जपानीतच बोलणारा आंदो हा विद्यार्थी म्हणूनच कादंबरीत विशेष ठरतो. त्याच्या बोलण्यात पाहुणचार नाही, आणि त्यातूनच बेनला ‘आपण’चा पहिला स्पर्श होतो.

बेन ज्या कामातून हे साध्य करू पाहतो ते काम प्रतिष्ठेचे नाही. दूतावासातील मुलाने कप विसळणे ही त्याच्या दृष्टीने उतरण नसून प्रवेश आहे. अमेलीला शिक्षा म्हणून मिळालेले काम आणि बेनने निवडलेले काम बाह्यतः सारखेच हलके आहे. फरक निवडीचा आहे. आणि निवड करता येणे हाही एक विशेषाधिकारच होय, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

लिहिणारे आणि न लिहिणारे

वर विचारात घेतलेली तिन्ही उदाहरणे गोऱ्या, सुशिक्षित आणि परतीचा मार्ग उपलब्ध असलेल्या व्यक्तींची आहेत. जपानमधील परदेशी रहिवाशांचे वास्तव याहून पुष्कळ व्यापक आहे. वसाहतकाळापासून जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन वंशाच्या कुटुंबांतील पुढच्या पिढ्यांची मातृभाषा जपानीच आहे. तरीही नागरिकत्व न घेतलेल्यांना कायद्याने परदेशीच मानले जाते. १९९१ च्या कायद्याने त्यांना विशेष कायम रहिवाशाचा दर्जा मिळाला. या समाजातील री काइसेइ यांना १९७२ मध्ये आकुतागावा पुरस्कार मिळाला. भाषा संपूर्णपणे आपली असूनही ‘आपण’मध्ये स्थान मिळत नाही, हा या लेखनातील अनुभव भाषा हीच प्रवेशाची किल्ली मानणाऱ्या लेव्ही यांच्या भूमिकेला मर्यादा घालतो. भाषा आवश्यक आहे, पुरेशी नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

दुसरीकडे, १९९३ मध्ये सुरू झालेल्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेतून चीन, व्हिएतनाम आदी देशांतील तरुण जपानच्या कारखान्यांत, शेतांत आणि बांधकामांवर आले. योजनेचा जाहीर हेतू विकसनशील देशांना कौशल्य देण्याचा होता. प्रत्यक्षात तिने मनुष्यबळाची उणीव भरून काढली. मालक बदलण्याची मुभा नसल्याने तिच्यावर सातत्याने टीका झाली, आणि २०२४ मध्ये तिच्या जागी नवी व्यवस्था आणणारा कायदा संमत झाला. २०१९ मध्ये ‘विशिष्ट कौशल्य’ या नावाने नवा परवाना सुरू झाला. त्याच्या पहिल्या श्रेणीसाठी प्राथमिक जपानीची परीक्षा द्यावी लागते. परंतु वास्तव्याची मुदत पाच वर्षांपर्यंतच असून कुटुंबाला सोबत आणण्याची सर्वसाधारणतः परवानगी नाही. आज्ञा कळण्यापुरती भाषा यावी, घर करण्यापुरती राहण्याची सोय मात्र नसावी, असे या अटींचे स्वरूप आहे. युमिमोतो कंपनीतील प्रसंग येथे धोरणाच्या पातळीवर दिसतो. २०२४ अखेर जपानमधील परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाखांच्या वर गेली होती. त्यांतील बहुसंख्यांचा आवाज साहित्यात अद्याप क्षीण आहे.

तरीही परिस्थिती स्थिर नाही. २००८ मध्ये चीनमध्ये जन्मलेल्या यांग यी यांना आकुतागावा पुरस्कार मिळाला. मातृभाषा जपानी नसलेल्या लेखकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. २०२१ मध्ये तैवानच्या ली कोतोमी यांना तो मिळाला. साहित्याबाहेरचे एक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. टोकियोच्या एदोगावा विभागात भारतीय संगणक अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. जपानी नागरिकत्व घेतलेले मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तेथील विभाग सभेवर निवडून आले. प्रचार जपानीत करून मते मागणे म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांऐवजी ‘आपण’ म्हणण्याचा सार्वजनिक हक्क मागणेच होय. लोण्याच्या अहवालापेक्षा ही मागणी कितीतरी मोठी आहे, आणि ती मान्य झाली हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, जपानमधील परदेशी रहिवाशाच्या साहित्याकडे केवळ संस्कृतिभेदाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातील सत्तासंबंध झाकले जातात. फुबुकीसारखी पात्रे राष्ट्राची प्रतीके बनतात आणि त्यांची स्वतःची कोंडी दिसत नाही. दुसरा, आतिथ्य आणि प्रवेश या दोन भिन्न गोष्टी आहेत. हर्न यांना आतिथ्य भरपूर मिळाले, प्रवेशाची किंमत मात्र नोकरीने चुकवावी लागली. तिसरा, भाषा येणे हा गुण असला तरी तो सत्तेच्या दृष्टीने निरुपद्रवी नसतो. ज्याला भाषा कळते तो साक्षीदार होतो. अमेलीला दिलेली आज्ञा हास्यास्पद असली तरी तिच्यामागील भीती खरी आहे.

ही भीती एकट्या जपानची आहे असे मानण्याचे कारण नाही. परप्रांतातून आलेल्या मजुराचे श्रम घेणारी आणि त्याच्या समजण्याची दखल न घेणारी कोणतीही वसाहत या प्रश्नापासून मुक्त नाही. तथापि जपानी भाषेने परदेशी लेखकांना आपल्यात लिहू दिले, त्यांना आपले सर्वोच्च नवलेखन-पुरस्कार दिले आणि त्यांचे अस्वस्थ करणारे अनुभव आपल्या साहित्यात समाविष्ट केले, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. कार्यालय ज्या माणसाला न समजण्याची आज्ञा देते त्याच माणसाचे पुस्तक साहित्य स्वीकारते. या दोन व्यवहारांतील अंतर कसे आणि किती कमी होते, याचा अभ्यास पुढील काळात कारखान्यांतून व रुग्णसेवेतून येणाऱ्या परदेशी रहिवाशांच्या लेखनाच्या आधारे करावा लागेल.